कुत्र्याचं फोटोशूट ठरलंय? मग हे आधीच उरकून घ्या

तारीख ठरवताना फोटोग्राफरला वेळ कधी आहे हे नंतर विचारा, आधी कुत्र्याचं वेळापत्रक बघा. लस दिल्यावर एक-दोन दिवस बरेच कुत्रे मरगळलेले असतात. नसबंदीच्या वेळी पोटावरचे केस भादरले असतील, तर ते भरून यायला काही आठवडे जातात. मादी माजावर असेल तर तिचं लक्ष कुणाकडेच नसतं, आणि आजूबाजूच्या सगळ्या कुत्र्यांचं लक्ष मात्र तिच्याकडे असतं. दिवाळीच्या आगेमागे तर तारीख घेऊच नका, फटाक्यांच्या आवाजाने पलंगाखाली बसलेला कुत्रा चार दिवसांत मोकळा होत नाही. रंगपंचमीला सोसायटीतल्या पोरांनी पांढऱ्या कुत्र्याला हात लावला असेल, तर तो गुलाबी छटा घेऊनच फिरत असतो. ती जाईपर्यंत थांबा.

बाहेर फोटो काढायचे असतील तर सकाळचं कोवळं ऊन उत्तम. एप्रिल-मेमध्ये आठच्या आत सगळं आटोपलेलं बरं. डांबरी रस्त्यावर किंवा फरशीवर हाताचा पंजा उलटा टेकवून 7 सेकंद ठेवता येत नसेल, तर तिथे त्याचे पायही भाजणार. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकूनही अंग नीट थंड करता येत नाही, त्यांच्यासाठी उन्हाळ्यात पहाटेची वेळ किंवा एसी असलेला स्टुडिओ, तिसरा पर्याय नाही. जागा ठरवताना तिथे कुत्र्याला प्रवेश आहे का, हे फोन करून विचारा. शहरातल्या बहुतेक बागांच्या फाटकावर ‘कुत्र्यांना मनाई’ असा बोर्ड असतो, आणि रखवालदाराशी वाद घालून आत गेलेल्या मालकाचा चेहरा फोटोत तसाच येतो.

आंघोळ आदल्या दिवशी किंवा त्याच्याही आदल्या दिवशी घाला. त्या दिवशी सकाळी घातली तर केस भुसभुशीत उभे राहतात, आणि पहिल्या मोकळ्या मातीत लोळण घेणं हा कुत्र्याचा जन्मसिद्ध हक्क असतो. शॅम्पू कुत्र्यांचाच वापरा, माणसांच्या शॅम्पूने त्यांची कातडी कोरडी पडते आणि सगळा वेळ खाजवण्यात जातो. गोचिडांचं औषध मानेवर सोडत असाल तर त्याचा आणि आंघोळीचा मेळ आधीच घाला. अशा बऱ्याच औषधांना आधी आणि नंतर 48 तास आंघोळ चालत नाही, त्यामुळे खोक्यावरच्या सूचना वाचा. शिवाय ते औषध ताजं असताना मानेवर तेलकट डाग दिसतो.

शिह त्झू, ल्हासा, पूडल यांची कात्री आठवडाभर आधी फिरवून घ्या, म्हणजे खाचा दिसत नाहीत आणि डोळ्यांवरची झुलपं जातात. गोल्डन रिट्रीव्हर, हस्की किंवा पॉमेरेनियनला ‘उन्हाळा आहे’ म्हणून भादरू नका, विंचरून गळके केस काढले की पुरे. नखं दोन-तीन दिवस आधी कापा. काळ्या नखांत आतली रक्तवाहिनी दिसत नाही, सवय नसेल तर व्हेटकडूनच कापून घ्या. कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या कापसाने डोळ्यांच्या कोपऱ्यातली चिपडं टिपा. नाक फार कोरडं दिसत असेल तर खोबरेल तेलाचं बोट फिरवलं तरी चालतं. तो ते लगेच चाटणार, चाटू दे.

दिसण्याची तयारी इथे संपली. बहुतेक घरांत सगळा जोर यावरच असतो, आणि चकचकीत कुत्रा स्टुडिओत येऊन टेबलाखाली दडी मारतो. खरी तयारी पुढची आहे आणि तिला पैसे लागत नाहीत.

कुत्र्याच्या बाजूने विचार करा. एक अनोळखी माणूस जमिनीवर पालथा पडतो, तोंडासमोर मोठा काळा डोळा धरतो, टक लावून बघत राहतो आणि मधेच कटकट आवाज करतो. कुत्र्यांच्या रीतीत रोखून बघणं हे चांगलं लक्षण नाही. म्हणून पुष्कळ कुत्रे लेन्सकडे पाठ करतात, आणि मालकाला वाटतं फोटोची लाज वाटते. यावर उपाय घरच्या घरी होतो. हॉलमध्ये रोज थोडा वेळ तुम्हीच जमिनीवर आडवे व्हा, मोबाइल त्याच्या उंचीवर धरा, क्लिकचा आवाज चालू ठेवा आणि त्याने मोबाइलकडे पाहिलं की लगेच खाऊ द्या. आधी तो तुमच्या पोटावर चढेल, कान चाटेल. त्याचा उत्साह ओसरू द्या. आठवडाभरात आडवा माणूस आणि क्लिकचा आवाज म्हणजे चिकन, एवढं गणित त्याच्या डोक्यात बसतं.

दुसरी तालीम सतरंजीची. एक छोटी चटई किंवा जुनं पायपुसणं घ्या, त्यावर बसलं की खाऊ, उठलं की काही नाही. हीच चटई शूटला न्या. स्टुडिओतला पांढरा कागद घसरडा असतो आणि पाय घसरला की कुत्र्याचा धीर जातो. ओळखीच्या वासाची चटई खाली असली की तो टिकून बसतो. आणि कृपा करून घरात एक शब्द ठरवा. बाबा ‘सिट’ म्हणतात, आजी ‘बस रे खाली’ म्हणते, धाकटी ‘सिट सिट सिट’ म्हणते, आणि तिघांच्या मधे उभा राहून कुत्रा शेपूट हलवतो.

मान वाकडी करून बघतानाचा तो फोटो प्रत्येकाला हवा असतो. त्यासाठी त्याला भुरळ पाडणारा एक आवाज किंवा शब्द हाताशी लागतो: ‘फिरायला’, ‘मांजर’, बिस्किटाच्या पुड्याची चुरचुर, जे असेल ते. तो हेरून ठेवा आणि शूटच्या आधी काही दिवस घरात वापरूच नका. चूं-चूं वाजणाऱ्या खेळण्याचंही तसंच. पहिल्या दोन-तीन वेळा कान टवकारतात, पुढे कुत्रा त्याला भीक घालत नाही. म्हणून फोटोग्राफर तयार आहे म्हणेपर्यंत कुणी काही वाजवायचं नाही. चेंडू न्यायचा तर निळा किंवा पिवळा न्या, हे रंग कुत्र्यांना नीट दिसतात. लाल चेंडू त्यांच्या नजरेला हिरव्या गवतात हरवतो.

त्या दिवशी सकाळी पोटभर जेवण देऊ नका, नेहमीच्या निम्मं द्या. भूक थोडी शिल्लक असली की खाऊला किंमत येते, आणि भरल्या पोटी पळणं तसंही धोक्याचं. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे मटाराएवढे तुकडे करून डब्यात भरा. बिस्किटं नकोत, चुरा ओठांना चिकटतो आणि प्रत्येक फोटोत दिसतो. पीनट बटर नेणार असाल तर घटक वाचा, झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर ते कुत्र्याला विष आहे. निघण्याआधी नेहमीची फेरी, शी-शू सगळं उरकून घ्या. नर असेल तर स्टुडिओच्या दारात आणखी एकदा, कारण आतले लाइटचे स्टँड त्याला खांबासारखे दिसतात.

पिशवीत पाणी, वाडगं, लाळ पुसायला दोन जुने पंचे, ब्रश आणि एकरंगी बारीक पट्टा. बारीक पट्टा नंतर फोटोतून पुसता येतो, जाड हार्नेस पुसता येत नाही, शिवाय त्याचा वळ केसांवर उमटतो. रस्त्याजवळ किंवा उघड्या मैदानात पट्टा सोडायचाच नाही, फोटोग्राफर कितीही म्हणाला तरी.

फेट्याचा हट्ट असेल तर घरी आधी बांधून बघा. कान मागे दाबून, ओठ चाटत, जांभया देत बसला असेल, तर तो कंटाळलेला नाही, अस्वस्थ आहे, आणि तेच फोटोत उतरेल. शूट चालू असतानाही ही लक्षणं दिसली की दहा मिनिटं बाहेर फिरवून आणा. मला विचाराल तर फेटा मालकांनी घालावा. सोबत येणारी माणसं दोनच असावीत. चौघांनी चार दिशांनी नाव घेऊन हाका मारल्या की कुत्रा कुठे बघणार?

काळ्या कुत्र्यासोबत काळा कुर्ता नको, दोघं एकच डाग दिसता. काळ्या कुत्र्यासाठी ढगाळ दिवस सोन्याचा, कडक उन्हात केसांचा पोतच हरवतो. फोटोग्राफरला रंग आधीच सांगा. फ्लॅशची आणि विजांची भीती असेल तर तेही.

कुत्रा म्हातारा असेल तर यातलं निम्मं सोडून द्या. सांधे दुखणाऱ्याला ‘बस-ऊठ’ करायला लावू नका, जाड रग अंथरा, जसा पडेल तसा पडू दे. औषधाची वेळ सांभाळा, जमल्यास घरीच शूट ठेवा. आणि तोंडाभोवतीचे पांढरे केस काळे करून द्या असं फोटोग्राफरला सांगू नका. लोक सांगतात! नंतर पश्चात्ताप होतो.

शूट संपलं की पाणी थोडं थोडं पाजा आणि उरलेलं जेवण धाप पूर्ण ओसरल्यावरच द्या. गवतात लोळला असेल तर त्याच संध्याकाळी कानांच्या मागे, काखेत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहेत का ते बोटांनी चाचपून बघा.