एमएस्सी बायोटेकचा प्रोजेक्ट गोव्यात करताय? संस्थेच्या आधी सिझन बघा

सेमिस्टर थ्री अर्ध्यावर आलं की ज्युनिअर्सचे मेसेज सुरू होतात, ताई एनआयओत कसं घुसायचं, ताई दोनापावला बरं की सडा, ताई वशिला लागतो का. वशिल्याचं म्हणाल तर मला लागला नाही आणि माझ्या बॅचमधल्या कुणाला लागलेला मी बघितला नाही. पण एकेकाला तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी थोडं नकाशाचं. गोवा एवढंसं राज्य पण बायोटेकवाल्या मुलांसाठी पर्याय बऱ्यापैकी आहेत. दोनापावलाला सीएसआयआरची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, म्हणजे आपली एनआयओ, १९६६ सालची. हिंदी महासागराची आंतरराष्ट्रीय मोहीम संपली आणि त्यातूनच ती उभी राहिली. तिथे समुद्री बॅक्टेरिया, प्लँक्टन, जहाजांच्या बुडाला चिकटणारे जीव असं खूप काही चालतं. वास्कोला हेडलँड सड्यावर एनसीपीओआर, ते ध्रुवीय संशोधनवाले. जुन्या गोव्यात एला इथे आयसीएआरचं, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेचं केंद्र, ज्यांनी खाऱ्या खाजन शेतीसाठी (खाडीकाठी बांध घालून केलेली शेती) गोवा धान नावाचे भाताचे वाण काढले, तिथे शेती, जनावरं, मासे असा कारभार. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ, झुआरीनगरला बिट्स, बांबोळीला जीएमसी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. सगळे पहिल्या दोघांच्याच मागे धावतात. एलाच्या केंद्राकडे कुणी बघतसुद्धा नाही, मला विचाराल तर हा शुद्ध वेडेपणा आहे, प्लांट टिश्यू कल्चर (वनस्पतीच्या तुकड्यापासून लॅबमध्ये रोपं वाढवणं) किंवा माशांच्या रोगांत रस असेल तर तिकडे आधी विचारा.

आता मुद्दा. आपलं डिसर्टेशन, म्हणजे शेवटच्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट आणि त्याचा थिसिस, साधारण जानेवारी ते मे. म्हणजे गोव्यातला पाऊस तुमच्या वाट्याला येतच नाही. हे ऐकायला फालतू वाटतं पण अर्धे प्रोजेक्ट इथेच लंगडे होतात. पोरं उत्साहात लिहितात की मांडवीच्या पाण्यातले बॅक्टेरिया पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात कसे बदलतात ते बघणार, आणि पाऊस येतो जूनमध्ये, तोपर्यंत तुमचा व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, होऊन गेलेला असतो. किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात ना, टारबॉल, त्यातले तेल खाणारे बॅक्टेरिया हा एकदम आकर्षक विषय, पण ते गोळे मुख्यतः मे महिन्यात वारा फिरल्यावर येतात, मग आयसोलेशन (नमुन्यातून एकेक बॅक्टेरिया वेगळा काढणं) कधी करणार आणि लिहिणार कधी? ज्यांना उन्हाळी इंटर्नशिपमध्ये माशांवर काम करायचंय त्यांनी हेही लक्षात ठेवा की १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, ट्रॉलर जेटीला बांधलेले असतात. ध्रुवीय नमुन्यांचं मात्र बरं असतं, ते आधीच फ्रीझरमध्ये पडलेले असतात, त्यांना गोव्याच्या हवामानाशी काही देणंघेणं नाही. (आणि नाही, एमएस्सीच्या पोरांना अंटार्क्टिकाला नेत नाहीत, दरवर्षी कुणीतरी विचारतंच.)

म्हणून मी तरी असं सांगेन, चार-पाच महिन्यांत संपेल आणि त्याच महिन्यांत ज्याचं सॅम्पल हाताशी मिळेल असा लहान प्रश्न आधी ठरवा, आणि मग त्यावर काम करणारा माणूस कुठल्या संस्थेत बसतो ते शोधा. बहुतेक जण उलटं करतात, आधी संस्था ठरवतात आणि मग मिळेल तो विषय गळ्यात घालून घेतात.

मेलबद्दल. जानेवारीत सुरू करायचंय तर ऑगस्ट-सप्टेंबरला मेल गेला पाहिजे, चतुर्थीच्या सुट्टीत बसून लिहा हवं तर. "रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम पॅशनेट अबाउट रिसर्च" असल्या मेलला उत्तर येत नाही, आलं तर नशीब समजा. त्या शास्त्रज्ञाचे अलीकडचे दोन पेपर नीट वाचा, निदान मेथड्स आणि डिस्कशन, आणि मेलमध्ये चार ओळींत लिहा की त्यातलं काय वाचून तुम्हाला कुठला प्रश्न पडला, तुम्हाला हाताने काय काय येतं, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत मोकळे आहात. येत नसेल ते येतं म्हणून लिहू नका, पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची पद्धत) फक्त प्रॅक्टिकलला लांबून बघितला असेल तर तसंच लिहा, शिकवायला कुणाची ना नसते. आणि एकच मेल वीस जणांना एकदम पाठवू नका, ती सगळी माणसं एकाच कॉरिडॉरमध्ये बसतात आणि एकत्र चहा पितात. उत्तर नाही आलं तर दहा-बारा दिवसांनी एकदा आठवण करा, पुन्हा पुन्हा नको.

होकार आला की कागद. कॉलेजचं बोनाफाईड, एचओडींचं पत्र, ओळखपत्र, फोटो, काही ठिकाणी प्रोजेक्टची फी भरावी लागते आणि ती कमी नसते, त्यामुळे आधीच विचारा, लाजू नका. स्टायपेंड मिळेल असं धरून चालू नका. कॉलेजात एक इंटर्नल गाइडही लागतो, त्याला पहिल्या दिवसापासून सांगत राहा, नाहीतर शेवटी सही करताना तो रुसतो. फॉर्म कुठल्या टेबलावरून कुठे जातो हे संस्थेतल्या ऑफिसच्या क्लार्कला सगळ्यात जास्त माहीत असतं, त्यांच्याशी गोड बोला. चोडणचं पक्षी अभयारण्य किंवा तसल्या संरक्षित जागेतून माती-पाणी काढायचं असेल तर वनखात्याची परवानगी लागते, ती काय आठवड्यात येत नाही, हेही डिसेंबरच्या आधीच बघा.

माझा विषय मिठागरातले जीव. ही निवड सिझनला धरून केलेली, कारण मिठाचा हंगामच मुळी उन्हाळ्याचा, आगरवाडा म्हणा, रायबंदर म्हणा, जानेवारी-फेब्रुवारीपासून कोंड्यांत, म्हणजे मिठागराच्या वाफ्यांत, पाणी आटायला लागतं आणि एप्रिलमध्ये तर ऐन भर. समुद्राच्या पाण्यात मीठ साधारण साडेतीन टक्के, पण मीठ बसायला लागतं त्या कोंडीत ते पंचवीस टक्क्यांच्या पुढे जातं. एवढ्या खारटात पण जीव असतात, बरेचसे आर्किया (बॅक्टेरियासारखेच दिसणारे पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव), आणि त्यांच्यामुळे पाण्याला कधी कधी गुलाबी लाली येते. पहिल्यांदा बाटल्या घेऊन गेले तेव्हा मिठागरवाल्या काकांनी विचारलं, "बाय, हें मिठाचें उदक व्हरून कितें करतलीं?" मी सांगितलं यात जंतू असतात ते बघणार. त्यांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं की त्यांच्या मिठात जंतू आहेत असं म्हणणारी पोरगी त्यांना फारशी आवडलेली नाही. मग बसून समजावलं, ते जंतू माणसाला काही करत नाहीत, उलट आपल्या साध्या पाण्यात तेच मरतात. त्यानंतर कुठल्या कोंडीत कधी लाली येते हे त्यांनीच मला दाखवलं, आणि ती माहिती मला कुठल्याच पेपरात मिळाली नव्हती.

लॅबमधलं खरं शिक्षण पण इथेच झालं. वीस-पंचवीस टक्के मिठाचा अगार (जंतू वाढवायची जेलीसारखी थाळी) करायचा, ऑटोक्लेव्हला १२१ अंश, १५ पौंड, इथपर्यंत सगळं पुस्तकासारखं. पण प्लेट्स इनक्युबेटरमध्ये तशाच ठेवल्या तर आठवड्याभरात त्या सुकतात आणि अगारवर मिठाचे खडे उगवतात, नवीन माणसाला वाटतं कॉलनी, म्हणजे जंतूंचे ठिपके, आल्या. म्हणून प्लेट्स पॉलिथिनच्या पिशवीत घालून घट्ट बांधून ठेवायच्या आणि वाट बघायची, ई-कोलायसारखं रात्री लावलं सकाळी बघितलं असं नसतं, पहिली लालसर टिकली दिसायलाच एक-दोन आठवडे जातात. ग्राम स्टेनिंगचं, म्हणजे जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, तर आणखी मजेशीर. नेहमीसारखा स्मिअर केला आणि पाण्याने धुतला की स्लाइडवर काहीच राहत नाही, कारण मिठात राहणाऱ्या या पेशी साध्या पाण्यात फुटूनच जातात. त्यांना आधी पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडने फिक्स करावं लागतं. हे आमच्या प्रॅक्टिकल जर्नलमध्ये कुठेच नव्हतं, लॅबमधल्या पीएचडी करणाऱ्या ताईने सांगितलं, आणि वर हेही सांगितलं की याचाच फायदा घे, डीएनए काढताना पेशी फोडायला वेगळी मारामारी नको, डिस्टिल्ड वॉटर पुरतं.

तर ही ताई. गाइड मोठे असतात, मीटिंगला असतात, दिल्लीला असतात, जहाजावर असतात. रोज तुमच्या शेजारी उभं राहून पिपेट कसं धरायचं ते सांगणारा माणूस म्हणजे तिथला पीएचडी स्कॉलर किंवा प्रोजेक्टवरचा जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलो). प्रोजेक्ट घ्यायच्या आधी जमलं तर एकदा लॅबला भेट द्या आणि बघा की असा कुणी माणूस तिथे आहे का, आणि तो येत्या चार महिन्यांत थिसिस सबमिट करायच्या गडबडीत तर नाही ना. नावाजलेल्या लॅबमध्ये एकटं पडण्यापेक्षा साध्या लॅबमध्ये असा एक माणूस असलेला कधीही परवडला. बदल्यात तुम्ही पण त्यांचं काम करा, मीडिया बनवा, टिप बॉक्स भरून ऑटोक्लेव्ह करा, कुरकुर न करता.

सीक्वेन्सिंगसाठी, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचून घ्यायला, वेळ राखून ठेवा, हे ठळक अक्षरात वाचा. बॅक्टेरियाची ओळख पटवायला १६एस नावाचा जीन पीसीआरने वाढवायचा, तो साधारण दीड हजार बेसचा, म्हणजे अक्षरांचा. कॉलेजात शिकवलेले २७एफ-१४९२आर प्रायमर (पीसीआर कुठून सुरू व्हायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) बॅक्टेरियासाठी ठीक, आर्किया असेल तर प्रायमर वेगळे मागवावे लागतात, आणि मागवणं म्हणजे सरकारी संस्थेत कोटेशन, मंजुरी, सही, मार्च अखेर, हे सगळं आलं. मार्चमध्ये खरेदीची फाइल हलत नाही असं समजूनच चला, जे लागणार ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गाइडकडे लिहून द्या. सँगर पद्धतीच्या सीक्वेन्सिंगच्या एका रीडमध्ये सातशे ते नऊशे बेस नीट वाचता येतात, म्हणून दोन्ही बाजूंनी करून घ्या. ब्लास्टमध्ये (आपला सीक्वेन्स डेटाबेसशी ताडून बघायचं ऑनलाइन साधन) वरती जे नाव दिसतं ते डोळे मिटून थिसिसमध्ये टाकू नका, ९८.७ टक्क्यांच्या खाली साम्य असेल तर प्रजात ठामपणे सांगता येत नाही आणि व्हायवाला बाहेरून आलेले सर नेमकं तिथेच बोट ठेवतात. डीएनए बघायच्या जेलला एथिडियम ब्रोमाइड नावाचा घातक रंग असतो, हातमोजे घातलेल्या हाताने मोबाइल उचलू नका, अगदी रोज बघायचे मी हे.

राहण्याचं थोडक्यात. गोव्यातलेच असाल तर घरून ये-जा करता येते पण डिचोली, काणकोण, सावर्डे असल्या ठिकाणाहून रोज दोनापावला म्हणजे अंग मोडतं, कारण संध्याकाळी सात वाजता संपणारं काम सातला संपत नाही आणि पणजीहून शेवटची बस कुणासाठी थांबत नाही. सावंतवाडी-कुडाळकडच्या पोरींनी ताळगाव, सांताक्रूझ भागात दोघी-तिघींनी मिळून खोली बघावी, दोनापावलाला भाडी आपल्याला झेपणारी नसतात. सड्याला जाणाऱ्यांनी वास्कोतच राहा. डिसेंबरच्या शेवटी खोली शोधायला निघू नका, तेव्हा गोव्यात सगळ्यांनाच खोली हवी असते.

लिहायला एप्रिलची वाट बघू नका. मेथड्स तर त्याच दिवशी लिहून टाकायच्या, लॉगबुकमध्ये लॉट नंबरसकट. रिझल्ट निगेटिव्ह आला तरी तो रिझल्टच असतो, माझ्या बऱ्याच आयसोलेट्सनी (वेगळ्या काढलेल्या जंतूंनी) मला हवं ते एन्झाइम दिलं नाही आणि थिसिसमध्ये तसंच लिहिलं, कुणी नापास केलं नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे दुसऱ्यांच्या लिखाणाशी दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यापुढे प्रश्न विचारले जातात, म्हणून इंट्रोडक्शन सिनिअरच्या थिसिसमधून उचलायचा मोह आवरा. आणि तुमचा डेटा हा तुमच्या एकट्याचा नसतो, गाइडला न विचारता पोस्टर किंवा सीक्वेन्स कुठेही टाकायचा नाही, यावरून भांडणं झालेली बघितली आहेत.

निघताना कल्चर्सचे ग्लिसरॉल स्टॉक (ग्लिसरॉल घालून गोठवलेले जंतू) उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवून द्यायचे असतात. ट्यूबवर नाव, तारीख, कुठल्या कोंडीतलं, कुठला मीडिया, किती टक्के मीठ, सगळं लिहा, "नवीन ए" आणि "ए फायनल" अशा ट्यूब पुढची बॅच सरळ फेकून देते. यादीची एक प्रत लॅबला, एक स्वतःकडे. आणि पुढे पीएचडीला अर्ज करायचा असेल, बीईटी किंवा नेट या फेलोशिपच्या परीक्षा द्यायचं डोक्यात असेल, तर रेकमेंडेशन लेटरचं बोलणं त्याच दिवशी करून घ्या. वर्षभराने मेल टाकला तर गाइडना तुमचा चेहरा आठवतो, काम आठवत नाही, आणि अर्जात नेमकं कामाबद्दलच विचारलेलं असतं.