स्विचबोर्डवरील बटणांचा क्रम कसा लावावा

स्वतःच्याच घरात दिवाणखान्याच्या बोर्डासमोर उभे राहून ‘पंख्याचे बटण कुठले?’ असे विचारावे लागत असेल, तर त्याचे कारण बहुधा त्या बोर्डावरील क्रमात सापडते. कन्सील्ड (भिंतीच्या आत लपवलेल्या) वायरिंगच्या वेळी पाइपातून तारा ज्या क्रमाने हाती लागतात त्याच क्रमाने वायरमन त्या जोडून टाकतो, कारण दुसरा कोणताही क्रम त्याला कोणी सांगितलेला नसतो. हा क्रम बहुतेक घरांत भिंत न फोडता बदलता येतो. मात्र वायरमनला बोलावण्याआधीची तयारी घरातल्या माणसांनीच करावी लागते.

सर्वप्रथम प्रत्येक बोर्डाचे कागदावर साधे चित्र काढावे आणि कोणत्या बटणाने काय चालू होते ते त्यावर लिहावे. शेजारी खोलीचा आराखडा काढून दिवे आणि पंखे कुठे आहेत तेही दाखवावे. त्यानंतर काही दिवस घरातले लोक कोणते बटण चुकून दाबतात याची नोंद ठेवावी. घरच्यांपेक्षा पाहुण्यांच्या चुका अधिक उपयोगी पडतात, कारण घरच्यांच्या बोटांना वाईट क्रमसुद्धा सवयीने पाठ झालेला असतो. ज्या बटणामुळे काहीच होत नाही असे बटण सापडले, तर ते काढून तिथे ब्लँक प्लेट बसवावी. निकामी बटण पाहुण्याला दरवेळी फसवते आणि ते दाबून पाहण्याच्या नादात शेजारची दोन बटणेही दाबली जातात.

क्रम ठरवताना मूळ नियम एकच आहे: बोर्डासमोर उभ्या असलेल्या माणसाला दिवे आणि पंखे ज्या क्रमाने दिसतात, त्याच क्रमाने बटणे असावीत. बटण आणि उपकरण यांच्या मांडणीत असे साम्य असले की पाठांतराची गरज उरत नाही, हे चॅपनिस आणि लिंडेनबॉम या अमेरिकी संशोधकांनी १९५९ साली चार बर्नरच्या शेगडीवर तपासून पाहिले होते. बर्नर चौकोनात आणि नॉब मात्र एका ओळीत असले, की माणसे चुकीच्या नॉबकडे हात नेत. मागचे बर्नर पुढच्यांच्या थेट मागे न ठेवता थोडे बाजूला सरकवले, तेव्हा चारही बर्नर डावीकडून उजवीकडे नॉबच्याच क्रमाने दिसू लागले आणि त्या मांडणीत चुका झाल्याच नाहीत.

समजा, दिवाणखान्यात दोन ट्यूब, दोन पंखे आणि बाल्कनीचा एक दिवा आहे. बोर्डाकडे तोंड करून उभे राहिल्यावर डाव्या हाताला जी ट्यूब आणि जो पंखा येतो, त्यांची बटणे डावीकडे घ्यावीत, उजवीकडच्यांची उजवीकडे घ्यावीत आणि बाल्कनीचे बटण बाल्कनीच्या बाजूच्या टोकाला ठेवावे. रेग्युलेटरकडे विशेष लक्ष द्यावे. प्लेट भरताना दोन्ही रेग्युलेटर एका कोपऱ्यात शेजारी शेजारी बसवण्याची पद्धत सर्रास दिसते आणि तिच्यामुळे सोफ्यावरचा पंखा कमी करायला गेलेला माणूस जेवणाच्या टेबलावरचा पंखा कमी करून येतो. प्रत्येक रेग्युलेटर त्याच्या पंख्याच्या बटणाला लागूनच असावा, मग प्लेट थोडी कमी देखणी दिसली तरी हरकत नाही. सॉकेटचे बटणही असेच सॉकेटला चिकटून असावे.

बोर्ड लांबट खोलीच्या टोकाला असेल आणि दिवे एकामागे एक असतील, तर डावे-उजवे हा हिशोब लागू पडत नाही. अशा ठिकाणी दाराजवळच्या टोकापासून जवळचा दिवा, मग पुढचा, असा क्रम धरावा. लहान खोल्यांत आधी दिवा आणि मग पंखा, असा एकच क्रम सर्व बेडरूममध्ये ठेवला तरी पुरते. एका खोलीत एक नियम आणि दुसऱ्या खोलीत दुसरा, असे मात्र करू नये.

आपल्याकडे बटणाची खालची बाजू दाबली की दिवा लागतो, म्हणून बटणाकडे पाहूनच चालू-बंद ओळखण्याची सवय असते. जिन्यातील किंवा पलंगाशेजारच्या टू-वे बटणांना हा संकेत लागू होत नाही, कारण दोन ठिकाणांपैकी दुसरीकडे काय केले आहे त्यावर दिवा अवलंबून असतो. म्हणून टू-वे बटण ओळीच्या मध्ये न घेता टोकाला ठेवावे.

प्रत्यक्ष जोडणी अनुभवी वायरमनकडूनच करून घ्यावी, परंतु काम किती आहे हे आपल्याला ठाऊक असलेले बरे. बोर्डाच्या आत साधारणपणे सर्व बटणांना फेजची (वीज आणणारी) तार लूप करून, म्हणजे एका बटणावरून पुढच्यावर अशी, दिलेली असते आणि प्रत्येक बटणातून उपकरणाकडे जाणारी तार वेगळी असते. त्यामुळे दोन दिव्यांच्या बटणांची अदलाबदल करणे म्हणजे बहुधा बाहेर जाणाऱ्या दोन तारा बदलणे, एवढेच असते. पंख्याची तार रेग्युलेटरमधून जात असल्याने तिथे जोडी न तोडता दोन्ही एकत्र हलवावे लागतात.

इन्व्हर्टर असलेल्या घरात अधिक सावध राहावे. तिथे एकाच बोर्डात मेनची आणि इन्व्हर्टरची अशा दोन वेगळ्या तारा आलेल्या असू शकतात, आणि केवळ मेन बंद केल्याने इन्व्हर्टरचा पुरवठा थांबत नाही. इन्व्हर्टरही बंद करून, टेस्टर लावून पाहिल्यावरच बोर्ड उघडू द्यावा. या दोन जोडण्या एकमेकींत मिसळू देऊ नयेत, नाहीतर पुढच्या वेळी लाइट गेल्यावर इस्त्रीचा १६ अँपिअरचा सॉकेट बॅटरीवर चालू लागेल.

घराचे वायरिंग नव्याने होणार असेल, तर फर्निचरची जागा ठरल्यानंतरच भिंतीवर खडूने बोर्ड आखावेत. बोर्ड दाराच्या कडीच्या बाजूला असावा. बिजागरीच्या बाजूला असल्यास उघडलेल्या दारामागे हात घालून बटण शोधावे लागते. क्रमाचे चित्र वायरमनला तोंडी न सांगता कागदावर द्यावे आणि एक प्रत प्लेट बसेपर्यंत त्या बोर्डाशेजारी चिकटवून ठेवावी.

क्रमाने काम भागत नाही तिथेच नावे लिहावीत, आणि अशी हक्काची जागा म्हणजे एमसीबीची, म्हणजे जास्त भार आल्यावर आपोआप पडणाऱ्या स्विचांची, पेटी. पेटीवरील ‘लायटिंग १’, ‘लायटिंग २’ या नावांचा अंधारात काहीही उपयोग होत नाही. एकाने पेटीजवळ उभे राहून एकेक एमसीबी पाडावा, दुसऱ्याने घरभर फिरून काय बंद झाले ते सांगावे, आणि ‘स्वयंपाकघर व फ्रिज’, ‘मागची बेडरूम’, ‘गीझर’ अशी नावे ठळक अक्षरांत लिहून चिकटवावीत. याच वेळी आरसीसीबीवरील (विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवरील) ‘टी’ लिहिलेले चाचणीचे बटणही दाबून पाहावे. ते दाबल्यावर पुरवठा लगेच तुटला नाही, तर बटणांच्या क्रमाचे काम बाजूला ठेवून आधी तो आरसीसीबी वायरमनकडून तपासून घ्यावा.