टॅब ओट्यावर आणि राऊटर दरवाज्यामागे: घरचं वायफाय नीट कसं लावायचं

आमच्याकडे प्लॅन १०० एमबीपीएसचा, हॉलमध्ये मोबाईलवर सगळं धावतंय, आणि आई भाजी चिरताना टॅब ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकवून मालिका लावते तेव्हा नेमकं ते गोल गोल चक्र फिरायला लागतं. केबलवाल्याला फोन केला तर म्हणे २०० चा प्लॅन घ्या. शेजारचे काका म्हणाले कंपनीच बदल. दोन्हीतलं काही केलं नाही आणि आता मस्त चाललंय, खर्च झाला तो फक्त एका वायरीचा. नंतर विक्रोळीला आमच्या कन्नमवार नगरातच अजून दोन-तीन घरांत हेच करून दिलं म्हणून म्हटलं एकदाच सविस्तर लिहून टाकू.

आधी एक साधा हिशोब. एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस पुरतात. म्हणजे १०० चा प्लॅन असेल तर नेट घरापर्यंत भरपूर येतंय, अडकतंय ते राऊटर ते टॅब या शेवटच्या पंधरा फुटांत. प्लॅन वाढवला तर राऊटरपर्यंत जास्त येईल, ओट्यापर्यंत तेवढंच. (आणि एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, मेगाबाइट म्हणजे एमबी नव्हे बरं का, ८ ने भागायचं, १०० चा प्लॅन म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, यावरून केबलवाल्याशी भांडू नका.)

तर पहिलं काम म्हणजे टॅब कुठे कुठे वापरला जातो ते बघणं. हे कोणी करत नाही. इंजिनीअर येतो, ड्रिल मारतो, दरवाज्याशेजारी जिथून फायबर आत आली तिथेच डबा ठोकतो आणि दहा मिनिटांत पुढच्या घरी, कारण त्याला वायर कमी लागते. आमचा राऊटर तर दरवाज्यामागे मीटरच्या बोर्डाखाली, शेजारी लोखंडी कपाट, मग भिंत, मग फ्रिज, मग आई. आणि वर पोटमाळ्यावर पाण्याची टाकी, कारण पाणी पहाटे ठराविक वेळेलाच येतं. लोखंड वायफाय अडवतं आणि पाणी ते शोषून घेतं, म्हणजे मुंबईतल्या वन रूम किचनमध्ये जे जे असतं ते सगळं वायफायच्या मुळावर उठलेलं. आरसा पण त्यातच, त्याच्या मागे धातूचा थर असतो, त्यामुळे ड्रेसिंग टेबलामागे राऊटर लपवणाऱ्यांना साष्टांग नमस्कार.

नवीन कनेक्शन घेत असाल तर माणूस यायच्या आधीच जागा ठरवून ठेवा आणि तो आला की वायर जास्तीची सोडायला सांगा, चहा पाजा, काम होतं. जुनं कनेक्शन असेल तर फायबरला हात लावू नका, ती काचेची असते, कोपऱ्यात काटकोनात दुमडली की आतला उजेड बाहेर सांडतो आणि लाईन जाते. त्यापेक्षा फायबरचा डबा, म्हणजे ती वायर ज्यात शिरते तो, तिथेच राहू द्या आणि त्यातून लॅनची (घरातल्या घरात नेट नेणारी) वायर काढून राऊटर वेगळा मध्यावर न्या. आम्ही तेच केलं, चपटी कॅट ६ वायर मिळते ती चौकटीच्या कडेने नेली, दिसतही नाही. तुमच्याकडे डबा आणि राऊटर एकातच असेल तर दुसरा राऊटर लागेल, त्याचं पुढे सांगतो.

राऊटर उंचावर ठेवायचा, कपाटाच्या वर चालेल, मागे किंवा आत नाही. हॉल आणि किचनच्या मधल्या दरवाज्याच्या वरची जागा म्हणजे सोनं, तिथून दोन्हीकडे दिसतं. अँटेना सरळ उभ्या ठेवा. लोक त्या टॅबच्या दिशेने भाल्यासारख्या रोखून ठेवतात, पण उभ्या अँटेनाचा सिग्नल तिच्याभोवती मेदूवड्यासारखा पसरतो, टोकाच्या दिशेला सगळ्यात कमी, म्हणजे तुम्ही रोखताय तिथे वड्याचं भोक येतंय. मायक्रोवेव्ह असेल तर त्याच्यापासून लांब, तो पण वायफायसारखाच २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि दूध गरम होईपर्यंत नेट गेलं म्हणून आपण सर्व्हरला शिव्या देतो.

आता सेटिंग. राऊटर उलटा करा, खाली स्टिकर असतो, आधी त्याचा फोटो काढून ठेवा, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि कोणी ऐकत नाही. त्यावर पत्ता असतो, १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, जिओच्या डब्यात १९२.१६८.२९.१, तो ब्राऊझरमध्ये वरच्या पट्टीत टाकायचा, अर्थात इंग्रजी आकड्यांत. लॉगिन पासवर्ड पण बऱ्याचदा स्टिकरवरच असतो. आत गेल्यावर सगळ्यात आधी हा ॲडमिनचा पासवर्ड बदला, वायफायचा वेगळा आणि हा वेगळा, दोघांची गल्लत होते म्हणून दोन्ही लिहून ठेवा.

मागचं टाचणीने दाबायचं रीसेटचं बटण मात्र उगाच दाबू नका. लोकल केबलवाल्याकडून नेट असेल तर आत पीपीपीओईचं, म्हणजे केबलवाल्याच्या नेटला जोडायचं, युजरनेम पासवर्ड भरलेलं असतं, रीसेट केलं की ते उडतं आणि मग रविवारी संध्याकाळी केबलवाला फोन उचलत नाही. मी हे केलंय. दीड दिवस हॉटस्पॉटवर काढला.

वायरलेस सेटिंगमध्ये सिक्युरिटी म्हणजे कुलपाचा प्रकार, तिथे डब्ल्यूपीए२ आणि एईएस निवडा. डब्ल्यूईपी दिसलं तर अजिबात नाही, ते २००१ मध्येच फोडलं गेलंय. टीकेआयपी दिसलं तरी नाही, त्याने स्पीड ५४ एमबीपीएसवर अडकतो. डब्ल्यूपीए३ चांगलं आहे, २०१८ पासून आलंय, पण टॅब जुना किंवा स्वस्तातला असेल तर तो जोडलाच जात नाही, नुसतं "सेव्ह्ड" दाखवून बसून राहतो आणि आपण पासवर्ड दहादा टाकतो. म्हणून डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र असं मिक्स्ड ठेवून बघा, तेही चालेना तर सरळ डब्ल्यूपीए२. डब्ल्यूपीएस नावाची सोय (पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडायची) बंद करा, तिच्या पिनमधलं भगदाड २०११ लाच बाहेर आलं होतं, चाळीत आणि टॉवरमध्ये भिंतीपलीकडे कोण पोरगं सुट्टीत बसलंय सांगता येत नाही.

आता खरा विषय, बँड, म्हणजे वायफायच्या लहरींचा पट्टा. राऊटर दोन बँडचा असतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ भिंतीतून जातो पण हळू, ५ जोरात पळतो पण भिंत आली की दमतो. बहुतेक राऊटर दोघांना एकच नाव देतात आणि स्वतःच ठरवतात कोणाला कुठे बसवायचं. टॅबच्या बाबतीत मी हे बंद करतो आणि दोन नावं देतो, म्हणजे आपल्याला कळतं तरी तो कुठे चिकटलाय. आईच्या टॅबला ५ दिसतच नव्हता, बरेच स्वस्त टॅब आणि जुने ई-बुक रीडर फक्त २.४ वालेच असतात, खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ८०२.११ बी/जी/एन एवढंच असेल तर साधारण समजून जायचं. आणि असा एका अँटेनाचा टॅब २.४ वर नेहमीच्या २० मेगाहर्ट्झ रुंदीत कितीही जवळ नेला तरी जोडणी ७२ एमबीपीएसच्या वर जात नाही, हाती येतात त्याच्या निम्मे-पाऊण, मग २०० चा प्लॅन घेऊन तो काय करणार.

२.४ ची दुसरी अडचण म्हणजे गर्दी. या बँडला लायसन लागत नाही त्यामुळे वायफाय, ब्लूटूथ, वायरलेस माऊस सगळे इथेच, आणि आमच्या किचनमधून मी मोजले तर २७ नेटवर्क दिसली, त्यात एकाचं नाव "फुकट्यांना बंदी". आपल्याकडे यात १३ चॅनेल, म्हणजे बँडमधल्या गल्ल्या, आहेत पण ते एकमेकांवर चढलेले, दाराला लटकलेल्या सकाळच्या लोकलसारखे, एकमेकांना धक्का न लागणारे तीनच, १, ६ आणि ११. फोनवर वायफाय ॲनालायझर टाइपचं कुठलंही ॲप टाका, ओट्याजवळ उभं राहून बघा कुठल्या चॅनेलवर कमी डोंगर आहेत (एक डोंगर म्हणजे एक नेटवर्क), आणि राऊटरमध्ये ऑटो काढून या तिघांतला तो ठेवा. मधलाच ४ नाहीतर ८ टाकून हुशारी करू नका, तिथे दोन्हीकडच्यांचा त्रास होतो. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा, ४० केली की शेजाऱ्यांच्या पण अंगावर जाता आणि आपलं पण बिघडतं.

यात एक गंमत झाली ती सांगतो. मावसभावाने न्यू जर्सीहून ई-बुक रीडर आणला, आईसाठीच, अक्षर मोठं करता येतं म्हणून. त्याला घरचं नेटवर्क दिसेचना. शेजाऱ्यांची दिसतायत, "फुकट्यांना बंदी" पण दिसतंय, आमचंच नाही. दोन तास गेले. शेवटी कळलं राऊटर ऑटोवर होता आणि जाऊन बसलेला १३ वर, आणि अमेरिकेसाठी बनलेली उपकरणं सहसा ११ पर्यंतच बघतात. चॅनेल ६ केला, दुसऱ्या मिनिटाला जोडला. तर परदेशातून आलेली वस्तू असेल तर हे आधी तपासा.

टॅबला ५ गिगाहर्ट्झ येत असेल तर प्रश्नच नाही, तोच वापरा, घर छोटं असण्याचा हा एक फायदा, एक भिंत तो पार करतो. २०१८ मध्ये सरकारने या बँडचे बरेच चॅनेल खुले केलेत त्यामुळे जागा भरपूर. फक्त ३६ ते ४८ किंवा १४९ च्या पुढचे घ्या. मधले चॅनेल रडारबरोबर वाटून घ्यावे लागतात, राऊटरला रडारची चाहूल लागली की त्याने तिथून उठायचं असा नियम आहे, आणि मग व्हिडिओ कॉल मध्येच तुटतो. आपल्याकडे विमानतळ आहे, जोगेश्वरीला वेरावलीत हवामान खात्याचं रडार आहे, त्या भानगडीत न पडलेलं बरं.

टॅब जोडताना पासवर्ड हातानेच टाकायला पाहिजे असं नाही, अँड्रॉईड १० च्या पुढे फोनमध्ये वायफायच्या शेअरवर क्यूआर येतो, टॅबने तो स्कॅन करायचा. जोडला पण नेट नाही असं झालं तर आधी टॅबची तारीख बघा. बरेच दिवस बंद पडलेल्या टॅबची तारीख मागे गेलेली असते आणि मग कुठलीच साईट उघडत नाही, सर्टिफिकेटची कटकट करते, वायफायचा काही दोष नसतो. तारीख बरोबर असेल तर नेटवर्क फरगेट करून परत जोडा. राऊटरमध्ये कोणी मॅक फिल्टर (मॅक म्हणजे उपकरणाचा ओळख क्रमांक, यादीतल्यांनाच आत घ्यायचं) लावून ठेवला असेल तर मात्र टॅबच्या वायफाय सेटिंगमध्ये प्रायव्हसीत जाऊन रँडमच्या जागी डिव्हाइसचा मॅक निवडा, नाहीतर यादीत नाव घातलेलं असूनही राऊटर ओळख देत नाही.

मग टेस्ट. एकदा राऊटरखाली उभं राहून, एकदा ओट्यापाशी, टॅबवरच, तुमच्या महागड्या फोनवर नाही. ॲनालायझरमध्ये डीबीएम, म्हणजे सिग्नलची ताकद, दिसतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला, उणे ५० म्हणजे झकास, उणे ६५-६७ पर्यंत व्हिडिओ नीट चालतो, उणे ८० ला नुसत्या काड्या दिसतात आणि काम होत नाही. आमचं ओट्यावर उणे ८१ होतं ते राऊटर हलवल्यावर ५८ झालं. बाकी काही केलं नसतं तरी चाललं असतं, खरं सांगतो.

एवढं करूनही शेवटच्या खोलीत येत नसेल, किंवा मघाशी म्हटलं तसा डबा आणि राऊटर एकच असेल, तर माळ्यावर पडलेला जुना राऊटर काढा. त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा (मुख्याचा १.१ असेल तर), डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद, आणि मुख्य राऊटरमधून आलेली लॅन वायर याच्या लॅनच्याच भोकात घाला, वॅनच्या (बाहेरून नेट यायच्या, बहुतेकदा निळ्या) भोकात नाही. नाव पासवर्ड दोन्हीकडे सारखं ठेवा, चॅनेल वेगळा. सॉकेटमध्ये खुपसायचे एक्स्टेंडर मिळतात पण त्यातले बरेच एकाच बँडवर ऐकतात आणि तेच परत बोलतात, स्पीड निम्मा होतो. मेशचे (एकमेकांना जोडून घरभर एकच वायफाय करणारे) तीन-तीन डब्बे साडेचारशे चौरस फुटांत लावणाऱ्यांकडे पैसे जास्त झालेत एवढंच म्हणेन.

लाईट मुंबईत फारशी जात नाही, पण १२ ऑक्टोबर २०२० ला गेली तेव्हा वर्क फ्रॉम होमवाल्यांची जी पळापळ झाली ती बघून मी राऊटरचा मिनी यूपीएस, म्हणजे लाईट गेली तरी तो चालू ठेवणारी छोटी बॅटरी, घेतला. घेताना ॲडाप्टरवर व्होल्ट आणि ॲम्पिअर बघून घ्या, बरेच १२ व्होल्टचे असतात पण काही ९ चे, चुकीचा लावला की राऊटर गेला. आणि फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही पॉवर पाहिजे, नुसता राऊटर जागा ठेवून उपयोग नाही. पावसाळ्यात डब्यावर एलओएसचा (फायबरमधून सिग्नल येत नाही असं सांगणारा) लाल दिवा लागला तर बंद-चालू करत बसू नका, बाहेर गच्चीवर वायर तुटलीय नाहीतर उंदराने खाल्लीय, केबलवाल्यालाच बोलवा.

पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं ठेवा. मी त्याचा क्यूआर छापून किचनच्या दारामागे कॅलेंडरशेजारी चिकटवलाय, आता कोणी आलं की आई पासवर्ड शोधत नाही, "दारामागे बघा" म्हणते आणि परत मालिका.