बीईटी उतरला म्हणजे पॉलिमर आत गेला असं नव्हे

पीएचडीतले माझे सात महिने एका आकड्यापायी गेले: बीईटी, म्हणजे सच्छिद्र पदार्थाचं दर ग्रॅममागचं पृष्ठफळ. मॉफ (धातू आणि सेंद्रिय दुव्यांची सच्छिद्र चौकट) म्हणजे काय, एक्सआरडी (स्फटिकरचना दाखवणारा क्ष-किरण आलेख) कसा वाचायचा, हे तुम्हाला येतं असं धरते आणि थेट त्या खड्ड्याकडे येते.

काम असं होतं: क्रोमियमच्या एमआयएल-१०१ या मॉफमध्ये इमिडॅझोलियम ब्रोमाइडचा पॉलिमर वाढवायचा आणि तो वापरून कार्बन डायऑक्साइड व एपॉक्साइडपासून चक्रीय कार्बोनेट बनवायचं. क्रोमियम एपॉक्साइडचा ऑक्सिजन धरतो, शेजारचा ब्रोमाइड कडं फोडतो. एमआयएल-१०१ घेतला कारण त्याच्या पोकळ्या २९ आणि ३४ अँगस्ट्रॉमच्या, खिडक्या १२ ते १६ च्या. झेडआयएफ-८ या दुसऱ्या मॉफची खिडकी जेमतेम ३.४, तिथे असल्या मोनोमरला (पॉलिमरच्या सुट्या कडीला) दारातूनच परत यावं लागतं.

मॉफ मोनोमरच्या द्रावणात भिजवला, साखळी सुरू करणारं एआयबीएन घातलं, नायट्रोजनखाली ७० अंशांवर रात्रभर ठेवलं, मेथॅनॉलने तीनदा धुतलं. बीईटी ३००० चौरस मीटर प्रति ग्रॅमवरून १३०० च्या आसपास आला. एक्सआरडी शाबूत, उत्प्रेरकाच्या पहिल्या फेरीत एपॉक्साइडचं रूपांतर ९० टक्क्यांच्या वर. गाईड खूश, मी हवेत.

तिसऱ्या फेरीत रूपांतर निम्म्यावर आलं. वापरलेल्या उत्प्रेरकाचा बीईटी मोजला तर तो चक्क वाढला होता! भरलेली छिद्रं रिकामी होत होती. आत पॉलिमर फारसा नव्हताच, न जुळलेला मोनोमर बसला होता. तो थोडा थोडा सुटून द्रावणात काम करत होता, कारण इमिडॅझोलियम ब्रोमाइड एकटंही ही अभिक्रिया करतं. मॉफ नुसता डबा झाला होता.

हे आधी का कळलं नाही, ते नीट समजून घ्या. मोनोमर आणि पॉलिमर यांची मूलद्रव्यं त्याच प्रमाणात असतात, त्यामुळे नायट्रोजनचं विश्लेषण दोघांना एकच उत्तर देतं. टीजीएत, म्हणजे तापवत वजन मोजताना, वजन दोघांचंही घटतं. आयआरमध्ये (अवरक्त वर्णपटात) व्हिनाइलची, म्हणजे मोनोमरच्या न जुळलेल्या दुहेरी बंधाची पट्टी मॉफच्या कार्बोक्सिलेटच्या गर्दीत हरवते. घन नमुन्याचा एनएमआर (चुंबकीय अनुनादाचा वर्णपट) करावा तर क्रोमियम अनुचुंबकीय, शिखरं पसरून जातात. म्हणजे एकही यंत्र खोटं बोलत नव्हतं, माझा प्रश्नच चुकला होता. खरी साक्ष धुतलेल्या पाण्यात, म्हणजे मेथॅनॉलमध्ये होती, आणि ते मी ओतून देत होते. सॉक्सलेटवर, म्हणजे ताजं द्रावक पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या उपकरणात धुवा, दर वेळचं धुवण सुकवून एनएमआर काढा, ५ ते ६ पीपीएममधली व्हिनाइलची शिखरं जाईपर्यंत थांबू नका. ‘तीनदा धुतलं’ हा मला आता शिवीसारखा शब्द वाटतो.

दुसरा हिशेब बीईटीचा. २५ टक्के पॉलिमर नुसता बाहेरून मिसळला तरी ३००० चे २२५० होतात, कारण तुम्ही दर ग्रॅम मोजताय आणि त्या ग्रॅममध्ये मॉफच कमी आहे. म्हणून नुसतं मिश्रणही मोजा. त्याखालची घट तेवढी अर्थाची, आणि तीही मोनोमरमुळे, उरलेल्या द्रावकामुळे किंवा छिद्रांची तोंडं बुजल्यामुळे असू शकते.

नियंत्रण प्रयोग टाळू नका: नुसता मॉफ, नुसता मोनोमर, नुसता पॉलिमर, मिश्रण. गरम असतानाच गाळून द्रावण पुढे चालतं का पाहा. थंड झाल्यावर गाळलंत तर सुटलेला माल परत मॉफवर बसतो आणि चाचणी खोटी पास होते. सीनियरच्या वहीतली कृती जशीच्या तशी उचलू नका. त्यात ‘धुतलं’ एवढंच लिहिलेलं असतं, किती ते नसतं. आणि जो गाईड चांगल्या आकड्यावर प्रश्न विचारत नाही, त्याच्या वाट्याचे प्रश्न तुम्हीच विचारा.

घाबरू मात्र नका. हे काम जमतं. मी भिजवल्यावर बाहेरचं जादा द्रावण काढून टाकू लागले, थोडं डायव्हिनाइलबेंझिन घालून साखळ्या एकमेकींत गुंतवल्या. तो नमुना पहिल्या फेरीत जुन्यापेक्षा बराच हळू चालतो. पाचव्या फेरीतही तेवढाच हळू चालतो.