देव न मानणाऱ्यांनी मृत्यूची तयारी कशी करावी, दुःख आणि ताण कसा पेलावा

माणूस गेला की श्रद्धाळू घरात पुढचं बरंचसं ठरलेलं असतं. कोणी काय करायचं, काय म्हणायचं, किती दिवस करायचं, याचा विचार करावा लागत नाही. आणि त्या वेळी विचार करणं जमतही नाही. नास्तिकाची खरी अडचण इथे येते. परलोक नाही ही गोष्ट बहुतेकांनी केव्हाच पचवलेली असते, पण आखून दिलेली वाट नाही हे ऐन वेळी जाणवतं. ती वाट हातपाय धड असतानाच आखून ठेवावी.

आधी कागद

‘मला मशिनवर ठेवू नका’ हे वाक्य डॉक्टरांच्या उपयोगाचं नाही. न्यूमोनियात चार दिवस व्हेंटिलेटर लागणं वेगळं आणि शुद्ध येण्याची आशा नसताना महिनोन्महिने त्यावर राहणं वेगळं. म्हणून उपचारांबद्दलचं आगाऊ इच्छापत्र करा आणि त्यात आधी स्थिती लिहा: कोणत्या अवस्थेत जगणं तुम्हाला नको आहे? कोणालाच ओळखता येत नाही आणि सुधारणा शक्य नाही, अशी? मग त्या अवस्थेसाठी चार गोष्टींचं उत्तर वेगवेगळं द्या: हृदय थांबल्यास सीपीआर (छाती दाबून ते पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न), व्हेंटिलेटर, नळीने अन्न, डायलिसिस. खाली एक ओळ न चुकता घाला, की वेदना आणि धाप कमी करणारे उपचार कोणत्याही परिस्थितीत चालू ठेवावेत.

तुमच्या वतीने बोलणारी एक व्यक्ती आणि ती नसेल तर दुसरी, अशी दोन नावं ठरवा. सर्वांत जास्त जीव लावणारा माणूस या कामाला योग्य असेलच असं नाही. दवाखान्याच्या जिन्यात दहा नातेवाईक ‘अजून प्रयत्न करा’ म्हणत असताना जो शांतपणे तुमचं म्हणणं लावून धरेल, तो निवडा. त्याच्याशी तासभर बसून बोला, कारण कागदात न बसणारे प्रश्न त्यालाच सोडवायचे आहेत. साक्षीदार, सह्या, नोंदणी यांचे नियम प्रत्येक देशात वेगळे असतात. ते पाळले नाहीत तर कागद नुसती इच्छा म्हणून उरतो. मूळ प्रत लॉकरमध्ये ठेवू नका. आणीबाणी रात्री दोनला येते आणि लॉकर सकाळी उघडतो. त्या दोघांच्या फोनमध्ये फोटो असू द्या आणि नेहमीच्या डॉक्टरांकडे एक प्रत द्या.

देहाचं काय करायचं हेही लिहून ठेवा. पुष्कळ नास्तिकांना देहदान करायचं असतं, पण ते फसण्याची कारणं आधी माहीत असावीत. शवविच्छेदन झालेला देह, काही संसर्ग असलेला देह किंवा अवयव काढलेला देह वैद्यकीय महाविद्यालयं सहसा घेत नाहीत. नेत्रदान मात्र बहुधा चालतं. म्हणून दुसरा आणि तिसरा पर्यायही लिहा. डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि पंखा बंद करायचा, म्हणजे बुबुळ कोरडं पडत नाही. सगळ्यात जास्त दानं अडतात ती जवळच्या नातेवाइकाच्या नकारामुळे. फॉर्म भरला आणि घरी सांगितलंच नाही, तर तो फॉर्म कोणी बाहेर काढत नाही.

भीती सुटी करा

मृत्यूची भीती म्हणजे चार-पाच भीतींचं गाठोडं असतं: वेदनेची, परावलंबी होण्याची, माणसं मागे राहण्याची, कामं अर्धी सुटण्याची आणि नसण्याची. कागदावर प्रत्येकीला वेगळी ओळ द्या आणि आपल्याला कोणती जास्त छळते ते बघा. प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे. वेदनेच्या भीतीवर पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, डॉक्टरांशी एकदा मोकळं बोलणं हाच उपाय. योग्य मात्रेतलं मॉर्फिन वेदना कमी करतं, धापही कमी करतं. त्याने मरण ओढवतं ही समजूत रुग्णांना विनाकारण तळमळत ठेवते. माणसांच्या काळजीवर विमा, मृत्युपत्र आणि बँकेच्या खात्यांची यादी कामाला येते.

नसण्याच्या भीतीवर ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या-चौथ्या शतकात एक युक्तिवाद दिला: आपण आहोत तोवर मृत्यू नाही, आणि मृत्यू आला की आपण नाही, मग त्याचा त्रास होणार कोणाला? हा युक्तिवाद भक्कम आहे, पण त्याचा उपयोग फक्त या एका ओळीपुरता. कॅन्सरच्या वेदनेला घाबरलेल्या माणसाला तो ऐकवणं निष्ठुरपणाचं आहे.

रात्री अचानक धडकी भरली तर तर्क करत बसू नका. शरीर आधी शांत करा. चार सेकंद नाकाने श्वास आत, सहा सेकंद बाहेर. मिनिटाला सहा श्वास, पाच ते दहा मिनिटं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे घाईने खोल श्वास ओढणं. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, आणि माणूस आणखी घाबरतो. श्वास लहानच ठेवा, फक्त सोडायला वेळ घ्या.

शेवटच्या दिवसांत उशाशी बसताना

काय घडणार आहे हे माहीत असेल तर धीर टिकतो. खाणं-पिणं सुटतं, झोप वाढते. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर आणि पावलांवर निळसर-जांभळे चट्टे दिसतात. श्वास वाढत जातो, मंदावतो, काही सेकंद थांबतो, पुन्हा सुरू होतो. घशात घरघर येते. गिळणं बंद झाल्यामुळे साचलेल्या स्रावाचा तो आवाज असतो आणि ऐकणाऱ्याला जितका भयंकर वाटतो तितका रुग्णाला जाणवत नाही. कुशीवर वळवल्याने बहुतेक वेळा तो कमी होतो. पाणी बळेच पाजू नका, ते श्वासनलिकेत जातं. ओल्या स्पंजने ओठ आणि तोंड टिपत राहा, ओठांना व्हॅसलीन लावा.

ऐकू येतंय असंच धरून बोला. ‘पुन्हा भेटू’ म्हणायची सोय आपल्याला नाही, म्हणून नेमकं काहीतरी सांगावं: अमुक वर्षी तुम्ही पाठीशी उभे राहिलात, अमुक गोष्ट मी तुमच्याकडून शिकले. मोघम कौतुकापेक्षा असं एक वाक्य जास्त पोचतं. जाणारा माणूस श्रद्धाळू असेल तर त्याची प्रार्थना त्याला करू द्या, हवी असेल तर शेजारी बसून वाचूनही दाखवा. हा वाद घालायचा वेळ नव्हे. मरणारा नास्तिक असेल तर त्याच्याभोवतीच्या श्रद्धाळूंकडूनही तेवढीच अपेक्षा ठेवायचा आपल्याला हक्क आहे.

निरोपाची सभा

पाऊण तास पुरतो. सूत्रं एकाच माणसाकडे द्या. तीन-चार वक्ते, प्रत्येकाला पाच मिनिटं, म्हणजे लिहून काढलेले सुमारे पाचशे शब्द. भाषणाची एक प्रत दुसऱ्याच्या हातात ठेवा. गळा दाटला तर तो पुढे वाचेल. गेलेल्या माणसाला आवडणारं संगीत, दोन मिनिटं शांतता, आणि शेवटी आलेल्या प्रत्येकाला हाताने करण्याजोगं काहीतरी: एक आठवण चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकणं, फोटोपाशी फूल ठेवणं. हे वगळू नका. शब्दांनी न हलणारी माणसं तिथे मोकळी होतात. सभेला धर्मावरच्या टीकेचं व्यासपीठ मात्र करू नका. आलेल्यांतले निम्मे तरी दुखावतात आणि गेलेला माणूस बाजूला राहतो.

लहान मुलांना ‘देवाघरी गेले’ किंवा ‘झोपले’ सांगू नका. पहिल्यावर मूल परत कधी येणार विचारतं, दुसऱ्यावर झोपायलाच घाबरतं. आजोबा वारले, त्यांचं शरीर काम करायचं थांबलं, आता ते परत येणार नाहीत, त्यांना कुठे दुखतही नाही, इतकं पुरे. तेच प्रश्न आठवडाभर येतील, तेच उत्तर द्या.

नंतरचे महिने आणि रोजचा ताण

दुःखाच्या पाच पायऱ्या बहुतेकांनी ऐकलेल्या असतात: नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या मरणासन्न रुग्णांच्या मुलाखतींवरून. मागे राहिलेल्यांनी त्या क्रमाने चढायच्या असतात असं मुळीच नाही. शोकाचे अभ्यासक मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांची १९९९ ची मांडणी आम्हाला जास्त उपयोगी वाटते: माणूस दुःख आणि व्यवहार यांच्यात हेलकावे खातो, आणि हे हेलकावेच आरोग्याचे. त्यामुळे दिवसात दोन्हींना जागा ठेवा. अर्धा तास फोटो-पत्रांपाशी बसा, मग एक किरकोळ काम पुरं करा, वीजबिल भरण्याइतकं. दिवसभर कामात बुडवून घेतलं तर दुःख रात्री वसूल करतं.

धर्म आठवड्याला ठरल्या वेळी माणसांत नेऊन बसवतो, आणि ही त्याची फार मोठी देणगी आहे. आपल्याला ती दुसरीकडून मिळवावी लागते: गाण्याचा गट, वाचनमंडळ, रक्तदान शिबिराचं काम, काहीही. वार आणि वेळ पक्की हवी. ‘वाटलं तर जाऊ’ असं ठेवलं तर ज्या दिवशी जाण्याची सर्वांत गरज असते, त्याच दिवशी वाटत नाही.

काळजीसाठी रोज वीस मिनिटं नेमून द्या, झोपण्याआधीची नकोत. इतर वेळी आलेली काळजी दोन शब्दांत टिपून त्या वेळेवर ढकला. नेमल्या वेळी यादीचे दोन भाग करा: ज्यावर आज काही करता येतं, त्यापुढे पहिली कृती लिहा, बाकीच्यावर फुली मारा. मनात खोल रुतलेल्या घटनेसाठी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८० च्या दशकात तपासलेली लेखनाची रीत वापरून बघा: सलग तीन-चार दिवस, पंधरा ते वीस मिनिटं, शुद्धलेखनाची पर्वा न करता. लिहून झाल्यावर तासभर वाईट वाटतं, ते अपेक्षित आहे. पण मृत्यूनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हे करू नका. जखम फार ओली असते.

‘देवाची इच्छा’ म्हणणाऱ्याला ‘आलात, बरं वाटलं’ इतकंच म्हणा.

सहा महिने उलटूनही ओढ आणि यातना तशाच तीव्र राहिल्या, कामधाम ठप्प असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. दीर्घकालीन शोकविकार आता आजारांच्या जागतिक वर्गीकरणात आहे आणि त्यावर उपचार आहेत. जीव द्यावासा वाटला तर सहा महिने काय, सहा तासही थांबू नका. पहिल्याच भेटीत सांगून टाका की तुम्ही देव मानत नाही आणि परलोकाचा दिलासा तुम्हाला नको आहे. हे ऐकून समुपदेशक तुमची श्रद्धा जागवायला निघाला, तर दुसरा शोधा.