उडून जाणारा वास: घरच्या घरी कोलोन कसं बनवावं

कोलोन फवारल्यावर पहिल्यांदा नाकात शिरतो तो लिंबू-संत्र्याचा टवटवीत वास म्हणजे टॉप नोट. तासाभरात तो गेला म्हणून माल भेसळीचा ठरत नाही. संत्र्याच्या सालीच्या तेलात ९० टक्क्यांहून जास्त लिमोनीन नावाचं सुगंधी द्रव्य असतं आणि ते भराभर उडतं. ते धरून ठेवायच्या भानगडीत पडू नये. ते गेल्यावर अंगावर काय उरणार, हे आधी ठरवावं.

त्यासाठी पहिलं काम कागदाच्या पट्ट्यांचं. जाड ड्रॉइंग पेपरच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा, प्रत्येकीचं टोक एकेका सुगंधी तेलात बुडवा, मागे नाव आणि वेळ लिहा. लगेच, १५ मिनिटांनी, तासाने आणि ४ तासांनी हुंगा. संत्र्याची पट्टी लवकरच कोरी वाटू लागेल. गवती चहाची मात्र बराच वेळ लिंबासारखी दरवळत राहील, कारण त्यातलं लिंबाच्या वासाचं द्रव्य, सिट्रल, लिमोनीनपेक्षा सावकाश उडतं. म्हणूनच त्याचा एखादा थेंब लिंबाचा भास लांबवतो. जास्त घातलात तर मात्र फरशी पुसल्यासारखा वास येतो.

आता २० ग्रॅम कोलोन. थेंब मोजू नका, थेंब लहानमोठे पडतात, ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. काचेच्या बाटलीत चंदनाचं तेल ०.१५ ग्रॅम, लॅव्हेंडर ०.१५, पेटिटग्रेन (कडू संत्र्याच्या पानांचं तेल) ०.१५ आणि गवती चहा ०.०२ एकत्र करा. चंदन परवडत नसेल तर वाळा, पण निम्माच. तो बाकीच्यांना गिळतो. हे मिश्रण पट्टीवर लावून तासाने हुंगा. इथेच आवडलं नाही, तर वरून कितीही लिंबू घालून उपयोग नाही.

आवडलं, तर मग बर्गमॉट (लिंबू-संत्र्याच्या जातीतल्या एका फळाच्या सालीचं तेल) ०.३५ आणि संत्र्याच्या सालीचं तेल ०.१८. बर्गमॉट घेताना त्यातला बर्गाप्टेन हा उन्हात त्वचेला बाधणारा घटक काढलेलंच घ्या. साधं असेल तर उन्हात त्वचा भाजल्यासारखी होऊन डाग पडू शकतात.

शेवटी १९ ग्रॅम परफ्यूमसाठीचं इथेनॉल (अल्कोहोल). हार्डवेअरच्या दुकानातलं स्पिरिट अजिबात नको, त्यात विषारी मिथेनॉल असू शकतं. हे काम गॅसपासून लांब करा. बूच घट्ट लावून दोनेक आठवडे अंधारात ठेवा, अधूनमधून हलवा. वापरण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून दिवसभर वाट पाहा.

बाटली शक्यतो लहान आणि काठोकाठ भरलेली असावी, कारण हवा लागली की लिमोनीन बिघडतं आणि त्वचेला ॲलर्जी होऊ शकते. टर्पेंटाइनसारखा वास यायला लागला की जीव न अडकवता टाकून द्या.