करप्याला आपणच शिकवतो: भातशेतीत या चुका टाळा

मुरबाड-शहापूरकडे भाताचं एखादं वाण चार-पाच हंगाम छान पिकतं आणि मग एका ओल्या श्रावणात करपतं. पहिला आळ बियाण्यावर येतो: बी भेसळीचं निघालं. पुष्कळदा बी तेच असतं, बदललेली असते बुरशी.

'करपा-प्रतिकारक' हा शब्द कायमचा समजणं, ही सगळ्यांत महागाची चूक. करपा हा भाताचा बुरशीजन्य रोग. त्याची बुरशी, मॅग्नापोर्थे ओरायझी, ओल्या पानावर रुजते आणि काळपट घुमटासारखा एक अवयव तयार करते. त्यात सुमारे 80 वातावरणांइतका दाब साठतो, म्हणजे मोटारीच्या टायरच्या जवळपास चाळीसपट. त्या जोरावर ती पानाची त्वचा फोडून आत शिरते आणि भाताचा बचाव मोडणारी प्रथिनं सोडते. वाणात त्यांपैकी एखादं प्रथिन ओळखणारा जनुक असला, तर त्या जागच्या पेशी स्वतःच मरतात आणि बुरशी तिथेच अडकते. प्रतिकार म्हणतात तो बहुतेक वेळा एवढाच: एका कुलपाला एक किल्ली. हॅरल्ड फ्लोर यांनी 1940च्या दशकात जवसावरच्या तांबेऱ्यात ही जोडी दाखवली. भातात 'पाय-टीए' हा जनुक बुरशीचं 'एव्हीआर-पायटा' हे प्रथिन ओळखतो. पण बुरशीतला त्या प्रथिनाचा जनुक गुणसूत्राच्या टोकाशी बसलेला असतो आणि टोकाचा तुकडा सहज गळतो. तो गळालेली बुरशी मग त्या भाताला दिसतच नाही.

रानात दोन्ही बाजू बदलत राहतात. शेतात भाताची बाजू आपण गोठवून ठेवतो, कारण दरवर्षी तेच बी पेरतो. बुरशीची मात्र अनुकूल हवेत आठवड्याभरात नवी पिढी तयार होते. म्हणून अख्ख्या शिवारात एकच वाण लावू नका. चीनच्या युन्नानमध्ये करप्याला बळी पडणाऱ्या चिकट भाताच्या ओळी प्रतिकारक संकरित भातात मिसळून लावल्या, तेव्हा चिकट भातावरचा करपा 94 टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष 2000 साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडे एकाच खाचरात मिसळ नको, कापणीचा घोळ होतो. माळावर हळवं (लवकर पिकणारं), सखल खाचरात गरवं (उशिरा पिकणारं), आणि शेजाऱ्याशी बोलून बांधापलीकडे तिसरं, एवढं जमतं. वाण निवडताना नुसतं 'प्रतिकारक' न विचारता गेल्या दोन हंगामांत आपल्या गावात त्याचं काय झालं ते विचारा.

फवारणीतल्या चुका त्याच तर्काने घडतात. करप्यावर फवारतात ते ट्रायसायक्लाझोल बुरशीला मारत नाही. त्या घुमटातलं काळं रंगद्रव्य बनू देत नाही, त्यामुळे दाब टिकत नाही. म्हणजे औषध बुरशी आत शिरण्याआधी पानावर हवं. शेत राखी रंगाचं झाल्यावर पंप भरणं म्हणजे पैसे चिखलात. पानावर डोळ्याच्या आकाराचे, मध्ये राखी आणि कडेला तपकिरी ठिपके दिसू लागताच पहिली फवारणी, आणि हवा ढगाळ-ओली असेल तर लोंबी बाहेर पडण्याच्या सुमारास दुसरी. लोंबीची मान करपली की दाणे पळंज (पोकळ) राहतात. ट्रायसायक्लाझोलची 75 टक्के पावडर 10 लिटर पाण्याला 6 ग्रॅम, गुंठ्याला सुमारे 5 लिटर द्रावण. पुडीवरची मात्रा वेगळी असेल तर ती पाळा.

दुसऱ्या फवारणीला औषधाचा गट बदला, म्हणजे बुरशीवर वेगळ्या तऱ्हेने काम करणारं औषध घ्या. पुडीचं नाव बदललं म्हणून गट बदलतोच असं नाही, आतल्या घटकाचं नाव वाचा. टेब्युकोनॅझोल गट 3 मध्ये, अॅझॉक्सिस्ट्रोबिन गट 11 मध्ये. काळ्या रंगद्रव्यावरच चालणारं कार्प्रोपामिड जपानमध्ये 2001च्या सुमारास निकामी ठरू लागलं. बुरशीच्या एका विकरातलं एक अमिनो आम्ल बदललं, एवढंच कारण. 'थोडं कमी टाकून बघू' हेही नको: अर्धवट सहन करणाऱ्या बुरशीला तेवढीच वाट मिळते.

युरियाचा सोस करप्याला सर्वांत आवडतो. जास्त नत्राने पान मऊ पडतं, पीक दाटतं, दव उशिरापर्यंत टिकतं. सुधारित वाणांना हेक्टरी 100 किलो नत्र धरलं, तर गुंठ्याला साधारण 2 किलो 170 ग्रॅम युरिया होतो. लावणीला 870, फुटव्यांच्या वेळी 870 आणि उरलेला पोटरीच्या (लोंबी पानाच्या आवरणात फुगण्याच्या) आधी. सुफलासारखं मिश्र खत टाकलं असेल तर त्यातलं नत्र वजा करा. करपा दिसत असताना पुढचा हप्ता थांबवा.

निदानातही गफलत होते. पानाच्या कडेने टोकाकडून वाळत येणारा पिवळा पट्टा म्हणजे कडा करपा. तो जिवाणूंचा, त्यावर बुरशीनाशक चालत नाही. पान कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरा, थोड्या वेळाने कापलेल्या टोकातून दुधट धार उतरली तर जिवाणूच.

रोगट खाचरातलं बी ठेवू नका. पेरणीआधी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून बी ओता, तरंगणारं काढून टाका, तळाचं दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवा आणि किलोला 3 ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक चोळा. करपलेला पेंढा राबाजवळ (रोपं तयार करतात त्या जागेजवळ) रचू नका, पावसाच्या पहिल्या सरींत त्यावरूनच बीजाणू नव्या रोपांवर उडतात.